लष्करी इतमाम आणि घरच्यांचा अर्धा तास

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका घरी, सैन्यातला मुलगा गेल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्या जवानाच्या धाकट्या बहिणीने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. "ताई, आता काय काय होतं? आम्हाला काहीच माहीत नाही," एवढंच तिने विचारलं. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण बरंच राहून गेलं. ते सगळं इथे लिहिते आहे.

आमचा सातारा जिल्हा सैनिकांचा म्हणून ओळखला जातो. अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे उभा आहे. आमच्याही गावात प्रत्येक आळीत एखादा तरी माजी सैनिक सापडतो. तरी ज्या घरात हे घडतं, त्या घराच्या वाट्याला पुढचे काही दिवस काय येणार हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. विचारणार तरी कसं आणि कुणाला?

आमच्या घरी हे माझ्या दादाच्या बाबतीत घडलं. तो मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. पोस्टिंग काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत गस्तीवर असताना त्यांच्या तुकडीवर हिमकडा कोसळला, त्यात तो गेला.

युनिटच्या सुभेदार साहेबांचा फोन रविवारी सकाळी अण्णांना आला. कागदोपत्री नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळची नातेवाईक, वहिनी होती, पण साहेबांनी आधी वडिलांशी बोलायचं ठरवलं. शांतपणे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "घरातला एकच नंबर द्या, यापुढे सगळं त्याच नंबरवर कळवू." अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. मी कराडला पतसंस्थेत नोकरी करते, कागदांची सवय आहे, त्यामुळे ती जबाबदारी माझ्याकडे आली. तुमच्या घरीही पहिल्या तासातच असं एक माणूस ठरवा. वही-पेन घेऊन बसणारा, रडू आलं तरी फोन उचलणारा. युनिट, पोलीस ठाणं, तहसील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सगळ्यांचे फोन एकाच वेळी येतात. प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि नंबर लिहून ठेवा. पुढे महिनोन् महिने ती वही लागते.

तासाभरात पोलीस पाटील आले. तोवर दादाचा वर्दीतला फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोबाइलवर फिरायला लागला होता, आणि वहिनी आत चुलीपाशी भाकरी थापत होती. अंगणात जमलेल्या पुरुषांचं मत पडलं की बायकांना एवढ्यात सांगायचं नाही, पार्थिव गावात आलं की मग. मला ते पटलं नाही. आपल्या नवऱ्याची बातमी गावाला माहीत आणि तिला नाही, हा कसला आधार? मी आणि धाकटी काकू आत गेलो. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना दारात थांबवलं, कारण आईला रक्तदाबाचा त्रास आहे. वहिनीला जवळ बसवून सांगितलं. बऱ्याच वेळाने ती बोलली ते एवढंच, "कधी आणणार त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळत नाही, त्याची मनाची तयारी ठेवा. खोऱ्यात बर्फ पडत होता, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. पार्थिव खाली आणायचं, शवविच्छेदन, मग विमानाने नेता येईल अशी शरीराची तयारी आणि त्याचा दाखला, श्रीनगरला बदामीबागच्या लष्करी छावणीत पुष्पचक्र वाहून सलामी, तिथून दिल्ली, दिल्लीहून पुण्याला लोहगावचा हवाई दलाचा तळ. यातला प्रत्येक टप्पा झाला की मला फोन यायचा. मंगळवारी संध्याकाळी पार्थिव पुण्यात पोहोचलं. रात्र लष्करी रुग्णालयात काढून बुधवारी पहाटे गावाकडे निघायचं ठरलं. काही नातेवाईक पुण्याला जायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं. घरच्यांनी तिथे जाण्याची गरज नसते. युनिटमधले दोन जवान आणि एक नायब सुभेदार श्रीनगरपासून दादासोबत होते. तो एकटा नाही, हे कळल्यावर आई थोडं पाणी प्यायली.

मधल्या काळात गाव कामाला लागलं होतं. नेहमीच्या स्मशानभूमीत जागा अपुरी होती, म्हणून ग्रामपंचायतीने शाळेमागचं गायरान ठरवलं. जेसीबीवाल्याने जमीन सपाट करून दिली, गवंड्यांनी रातोरात चौथरा बांधला, मंडपवाल्याने पैसे घेतले नाहीत. शेणी घरोघरून आल्या. आमच्या खिशातून गेलं ते पाहुण्यांच्या जेवणाला आणि किरकोळ सामानाला. अंत्यसंस्कारासाठी युनिटनेही रोख रक्कम हातात दिली. जे जे येतं आणि जातं, ते त्याच वहीत मांडा. तेव्हा ते नकोसं वाटतं, पण नंतर कुणाचे उपकार कुणाकडे राहिले यावरून घरात बोलणं होत नाही.

मंगळवारी दुपारी लष्कराचे एक हवालदार, पोलीस निरीक्षक आणि नायब तहसीलदार जागा पाहायला आले. सलामीची तुकडी कुठे उभी राहील, फैरी कोणत्या दिशेला झाडायच्या, गाडी कुठे वळेल, पुष्पचक्र कोण कोणत्या क्रमाने वाहणार, हे त्यांनी उभ्याउभ्या ठरवलं. अशा वेळी घरातलं कुणीतरी तिथे असायलाच हवं. मी गेले आणि तीन गोष्टी मागितल्या. घरी आणल्यावर अर्धा तास फक्त घरच्यांसाठी, त्या वेळात आत कॅमेरा नको. मैदानावर भाषणं एक-दोनच आणि तीही थोडक्यात. आणि आमचे विधी कधी होतील ते आधीच ठरवून घ्यायचं, म्हणजे तुकडी आणि घरचे एकमेकांच्या मध्ये येणार नाहीत. हवालदार साहेबांनी लगेच लिहून घेतलं. "बहेनजी, आप बताइए, हम उसी हिसाब से करेंगे," म्हणाले. लष्कर सगळं आपल्या शिस्तीने करतं, मध्ये बोलायचं नाही, अशी आपली समजूत असते. विचारलं तर ते ऐकतात. मला या सगळ्यातून एकच गोष्ट तुम्हाला सांगायची असेल तर ती ही.

आमच्याकडे चितेच्या आधी पाणी पाजतात, मग खांद्यावर मडकं घेऊन तीन फेऱ्या मारतात. हे त्यांना सांगितलं. त्यांच्याकडचा क्रम त्यांनी मला सांगितला, तो मी लिहून घेतला. तो कागद मी अण्णांना आणि चुलत्यांना वाचून दाखवला.

बुधवारी पुण्याहून निघालेली गाडी खंबाटकी घाट उतरून सातारा, उंब्रज करत आली. महामार्गाच्या कडेला लोक फुलं घेऊन थांबले होते, असं बरोबरचे जवान नंतर सांगत होते. गावाच्या वेशीपासून रांगोळ्या होत्या, शाळेची मुलं दोन्ही बाजूंना उभी होती. 'अमर रहे'च्या घोषणा घरात ऐकू यायला लागल्या तशी वहिनीने माझा हात घट्ट धरला.

शवपेटी घरात आणण्याआधी नायब सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा व्यवस्थित आहे, पाहता येईल, पण बघायचं की नाही आणि कुणी कुणी, हे तुम्ही ठरवा, असं त्यांनी सांगितलं. हे प्रत्येक वेळी शक्य नसतं. कधी पेटी उघडू नका असंच सांगितलं जातं, आणि त्यांनी तसं सांगितलं तर ऐकावं. आमचा निर्णय आधीच झाला होता. आई, अण्णा, वहिनी, मी आणि दादाचा सहा वर्षांचा मुलगा. मुलाला दाखवायचं की नाही यावर आदल्या रात्री बरंच बोलणं झालं होतं. वहिनीचं म्हणणं होतं की त्याने बघावं, नाहीतर तो सुट्टीची वाट बघत राहील. ती बरोबर होती असं मला आज वाटतं. पण हे ज्याचं त्याने, आपल्या लेकराकडे बघून ठरवायचं.

त्या अर्ध्या तासातलं इथे लिहीत नाही. फक्त एक प्रसंग सांगते, कारण तो अनेक घरांत होणार आहे. आमची एक थोरली आत्या हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. वहिनीला शेवटचं कुंकू लावून मग पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, अशी रीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गावात ठराव झाला नव्हता. सरपंच स्वतः माजी सैनिक आहेत. ते दारातूनच म्हणाले, "आक्का, ते ताट आत ठेवा." आत्या थबकली. मग आई बोलली. दोन दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "माझ्या पोरानं आणलेल्या बांगड्या हायत त्या. कुणी हात लावायचा न्हाई." विषय तिथेच संपला. वहिनी कुंकू लावूनच मैदानावर आली आणि आजही लावते. तुमच्या घरात असं होऊ शकतं असं वाटत असेल, तर आदल्या दिवशीच घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईशी बोलून घ्या. ऐन वेळी सुनेच्या बाजूने उभं राहणारं माणूस हवं, आणि ते सासूच असेल तर कुणाचं काही चालत नाही.

फुलांनी सजवलेल्या ट्रॉलीतून दादाला मैदानाकडे नेलं. एरवी आमच्याकडच्या बायका स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी सगळ्या आल्या.

मैदानावरचा क्रम सांगते. चौथऱ्याजवळ तिरंग्यात लपेटलेली शवपेटी ठेवली. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. मग पुष्पचक्रं. आधी घरच्यांनी, मग लष्करी अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, लोकप्रतिनिधी, माजी सैनिक संघटना. यात बराच वेळ जातो. वयस्करांना खुर्च्या आणि पाणी हवंच, फेब्रुवारीतही ऊन लागतं. त्यानंतर हुकूम झाला, 'सलामी शस्त्र', आणि थोड्या वेळाने 'शोक शस्त्र'. जवान रायफलीची नळी खाली जमिनीकडे करतात आणि मान झुकवतात. एरवी छाती पुढे काढून उभी असलेली ती तरणी पोरं एका हुकमासरशी मान खाली घालतात, ते बघून गर्दी आपोआप गप्प झाली.

मग हवेत तीन फैरी, लष्कराच्या आणि पोलिसांच्याही. लोक याला एकवीस तोफांची सलामी म्हणतात, पण ती निराळी, ती तोफांनी देतात. इथे रायफलींच्या तीन फैरी असतात, त्याही कोऱ्या काडतुसांच्या. आवाज मात्र मोठा येतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा. भाच्याला मी तीन बोटं दाखवून ठेवली होती. प्रत्येक आवाजाला त्याने एकेक बोट मिटलं. नंतर जवानांनी रिकाम्या पुंगळ्या मोजून गोळा केल्या. मुलं आठवण म्हणून उचलतात, त्या परत द्याव्या लागतात, त्यांना त्याचा हिशेब द्यायचा असतो.

फैरींनंतर बिगुलावर 'लास्ट पोस्ट', म्हणजे निरोपाची धून, वाजली. ती संपल्यावर स्तब्धता, आणि मग पुन्हा बिगुल, 'राउज', म्हणजे सकाळी उठवतानाची धून. दादा सुट्टीवर आला की पहाटे पाचला उठून अंगणात फिरायचा, कारण वर्षानुवर्षं त्याला याच धूनने उठवलं होतं. हे मला साहेबांनी नंतर सांगितलं.

यानंतर तिरंगा काढला. ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेवर जात नाही. चार जवानांनी तो कोपरे धरून उचलला, घडी घातली आणि अधिकाऱ्यांनी दोन्ही हातांनी वहिनीला दिला, वर दादाची टोपी ठेवून. ध्वज कुणाच्या हातात द्यायचा, हे आदल्या दिवशी विचारतात. कागदोपत्री पत्नी असते, पण आईच्या मनाचाही विचार लागतो. वहिनीने तो घेतला आणि आईच्या मांडीवर ठेवला, ते कुणी सांगितलं नव्हतं. घरी आता तो काचेच्या पेटीत आहे. तो धुऊ नका, घराबाहेर लावू नका, दमट भिंतीपासून लांब ठेवा.

मग आमचे विधी. पाणी पाजलं. अण्णांनी मडकं खांद्यावर घेतलं आणि नातवाचा हात धरून फेऱ्या मारल्या. तेवढा वेळ ती संपूर्ण तुकडी सावधान उभी होती. कुणी घाई केली नाही, घड्याळ बघितलं नाही. अग्नी दिल्यावर दादाच्या युनिटमधल्या त्या दोघांनी घसा फोडून गर्जना केली, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" त्यांच्या पलटणीची ती युद्धघोषणा. सगळ्या माळावर ती पसरली.

ते दोघे आणि साहेब रक्षाविसर्जनापर्यंत थांबले. त्यांची राहण्याची सोय शाळेत होती, पण जेवायला घरीच यायचे. त्यांना नुसतं जेवू घालून पाठवू नका, बोलतं करा. दादा वर कसा राहायचा, काय खायचा, कुणाला चिडवायचा, त्याने बर्फात दिवाळीला कंदील कसा केला, हे सगळं आम्हाला त्यांच्याकडून कळलं. आई ते पुन्हा पुन्हा विचारत होती. कराडला प्रीतिसंगमावर रक्षा सोडली, थोडी शेताच्या बांधावर आंब्याच्या रोपाखाली घातली.

उत्तरकार्य झालं आणि माणसं पांगली की कागद सुरू होतात. त्यातलं महत्त्वाचं तेवढं सांगते.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, त्यामुळे ग्रामपंचायत दाखला देऊ शकत नाही. तो युनिटमार्फत येतो. आल्यावर प्रतींचा गठ्ठाच काढा. सगळं पुढे ठरतं ते 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईत किंवा तशा तैनातीत आलेला मृत्यू) की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणाने आलेला) यावर. नियंत्रण रेषेवर तैनात असताना हिमस्खलनात आलेला मृत्यू पहिल्या प्रकारात धरतात. तरीही चौकशी होते, जबाब होतात, आणि त्यात काही महिने जातात. या काळात चिडून उपयोग नाही, पण दर पंधरवड्याला विचारत राहा. बॅटल कॅज्युअल्टीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी. केंद्राची सानुग्रह रक्कम प्रसंगानुसार वेगवेगळी असते. २०१६ पासूनच्या दरांनुसार सीमेवरच्या दुर्गम चौकीवर नैसर्गिक आपत्तीत मृत्यू आला तर ती ३५ लाख आहे. राज्य शासनाने आपली मदत २०१९ मध्ये २५ लाखांवरून १ कोटी केली, तिचा प्रस्ताव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर येते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

आमचं अडलं ते नावावर. लग्नानंतरचं वहिनीचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या नोंदीत, एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, पुन्हा बेळगावच्या रेकॉर्ड्स ऑफिसशी पत्रव्यवहार, यात उन्हाळा गेला. ज्यांच्या घरी आज कुणी सैन्यात आहे त्यांनी, सगळं सुखरूप असताना, पुढच्या सुट्टीत ही तीन नावं एकसारखी करून घ्या. एका बँकेने नॉमिनी असूनही वारस दाखला मागितला. मी ते लेखी मागितलं, तर आठवड्यात काम झालं. आणि एक, मदतीची रक्कम पेपरात छापून आली की फोन सुरू होतात. कुणी पेन्शन लवकर काढून देतो म्हणतं, कुणी ओटीपी विचारतं, कुणी स्मारकासाठी वर्गणी. युनिट किंवा रेकॉर्ड्स कधीही ओटीपी विचारत नाहीत. वहिनीचा नंबर आम्ही कुणाला दिलाच नाही.

काही आठवड्यांनी दादाच्या सामानाची काळी पेटी आली, आतल्या वस्तूंच्या यादीसह. यादी बघून सही करायची असते. घाई करू नका, एकेक वस्तू काढून बघा. पण ती उघडताना घरात भरपूर माणसं असू द्या.

या डिसेंबरात आम्ही दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकावर गेलो. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर नाव, हुद्दा आणि सेवा क्रमांक कोरतात. विटा हजारोंनी आहेत, त्यामुळे नुसतं शोधत फिरू नका, तिथल्या जवानांना विचारलं की ते नेऊन उभं करतात. रोज संध्याकाळी कुणातरी हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. त्याचं बोलावणं आम्हाला युनिटमार्फत आलं होतं. अण्णांना चालवत नव्हतं, पण त्यांनी खुर्ची घेतली नाही.

त्या मुलीच्या घरी मी पुढच्या रविवारी जाणार आहे, आमच्या फायलीतले अर्जांचे नमुने घेऊन. तोवर तिला सांगितलंय की भावाचा सेवा क्रमांक घरातल्या चौघांना पाठ करायला लाव. कुठल्याही कार्यालयात पहिला प्रश्न तोच असतो.